बारा अधिक बारा

आरटीएक्स ३०९० या ग्राफिक्स कार्डावर २४ जीबी मेमरी असते आणि आरटीएक्स ३०६० वर १२ जीबी. पहिले सप्टेंबर २०२० मध्ये बाजारात आले, दुसरे फेब्रुवारी २०२१ मध्ये. दोन्ही एनव्हिडिया या एकाच कंपनीची आणि एकाच पिढीची. आली तेव्हा पहिल्याची जाहीर किंमत १४९९ डॉलर होती आणि दुसऱ्याची ३२९ डॉलर, म्हणजे दोन ३०६० घेऊनही एका ३०९० च्या निम्म्याहून कमी पैसे पडत होते आणि मेमरीची बेरीज मात्र तीच चोवीस भरत होती. आता नव्या ३०९० चा प्रश्नच उरलेला नाही. वापरलेले ३०९० आणि दोन नवी ३०६० यांचे भाव आमच्या बाजारात एकमेकांच्या इतके जवळ आले आहेत की निवड करताना पैशांचा आधार घेता येत नाही. निवड कामाकडे पाहूनच करावी लागते, आणि त्यामुळे ती अधिक अवघड होते.

इंदूरच्या लोकमान्य नगरात, घराच्या माडीवर, आमचा एक छोटा स्टुडिओ आहे. वास्तुविशारदांनी काढलेल्या नकाशांवरून, अजून न बांधलेल्या घरांची चित्रे आणि वॉकथ्रू, म्हणजे घरातून फिरल्यासारखे दाखवणाऱ्या चित्रफिती, आम्ही ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये तयार करून देतो. माझ्यासोबत दोन तरुण सहकारी काम करतात आणि देवासहून शिकायला आलेला माझा भाचा संध्याकाळी त्याच यंत्रावर त्याचे प्रयोग करतो. चालू कार्ड आता पुरत नाही, हे आम्हा सर्वांना मान्य आहे. पुढे काय घ्यायचे यावर मात्र दोन तट पडले. सहकाऱ्यांचे म्हणणे असे की दोन कार्डे घ्यावीत, म्हणजे एक बिघडले तरी काम थांबणार नाही. भाच्याचे म्हणणे सुरुवातीला याच्या उलट होते. मी कोणत्याच बाजूला नव्हते, कारण आमच्या घरात प्रत्येक गरजेची वस्तू एकाला दोन असावी अशी रीत असली, तरी या वस्तूच्या बाबतीत दोन म्हणजे नेमके काय मिळते, हे आधी समजून घ्यावे असे मला वाटत होते.

या प्रश्नातले सर्वांत महत्त्वाचे सत्य असे आहे की रेंडरिंगच्या, म्हणजे संगणकात मांडलेल्या दृश्यावरून पक्के चित्र काढण्याच्या, कामात दोन कार्डांची मेमरी एकमेकींत मिसळत नाही. ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनाला चित्रातले सगळे साहित्य, म्हणजे भिंती, झाडे, दिवे आणि प्रत्येक पृष्ठभागाचा पोत (म्हणजे त्यावर चढवायचे चित्र), प्रत्येक कार्डाच्या मेमरीत संपूर्णपणे ठेवावे लागते. पहिल्या कार्डावर जे आहे, तेच सारे दुसऱ्यावरही असावे लागते. त्यामुळे १२ जीबीची दोन कार्डे बसवली, तर कष्ट करणारे हात दुप्पट होतात, पण दृश्यासाठीची जागा १२ जीबीच राहते. साडेचार वारांचे दोन तुकडे घरात असले म्हणून नेसायला नऊवारी लुगडे मिळत नाही, तसाच हा प्रकार आहे. दोन कार्डांना थेट जोडणारा एनव्हीलिंक नावाचा पूल या पिढीतल्या घरगुती कार्डांपैकी फक्त ३०९० च्या घराण्याला दिला गेला. ३०६० ला तो नाहीच.

ही जागा किती लवकर भरते, हे हिशेब मांडल्याशिवाय कळत नाही. ८१९२ गुणिले ८१९२ बिंदूंचा एक पोत घेतला, तर त्यात सुमारे ६ कोटी ७१ लाख बिंदू होतात, आणि प्रत्येक बिंदूला चार बाइट धरले तर हा एकच पोत २५६ एमबी जागा घेतो. एका लाकडासाठी केवळ रंगाचा पोत पुरत नाही. चकाकी, खडबडीतपणा आणि कोरीव कामाची खोली दाखवण्यासाठी आणखी दोन-तीन लागतात. अशा रीतीने एका लाकडाला पाऊण ते एक जीबी सहज खर्ची पडते. सदनिकेच्या दिवाणखान्याचे चित्र करताना आम्ही इतके बारीक पोत वापरत नाही, कारण तिथे सोफ्याच्या कापडाचा धागा कोणी मोजत नाही. पण गेल्या काही काळापासून मी स्वतःच्या हौसेने इंदूरच्या होळकरांच्या राजवाड्याची प्रतिकृती ब्लेंडरमध्ये करते आहे, आणि तिथे हिशेब पालटतो. राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आहेत आणि वरचे लाकडी. कमानीच्या वरच्या सज्जापाशी कॅमेरा नेला, की काळवंडलेल्या लाकडातली प्रत्येक रेघ, ऊन-पावसाने फाटलेले पदर, जुन्या आणि नंतर बसवलेल्या तुकड्यांतला रंगाचा फरक, हे सगळे दिसले पाहिजे. १९८४ च्या आगीत या वास्तूचा मागचा भाग जळाला, हे इंदुरात वाढलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जे उभे आहे ते तरी अंगुळभर अंतरावरून पाहता येईल असे नोंदवून ठेवावे, अशी माझी तीव्र इच्छा आहे. त्या दृश्याला १२ जीबी पुरत नाहीत.

मेमरी अपुरी पडली म्हणजे काम अगदीच बंद पडते असे नाही. सायकल्स काही भार संगणकाच्या मुख्य मेमरीत ठेवू शकते, परंतु तिथून डेटा आणायचा म्हणजे मदरबोर्डवरच्या पीसीआय एक्स्प्रेसच्या वाटेने आणावा लागतो, आणि कार्डाच्या स्वतःच्या मेमरीच्या तुलनेत ही वाट फारच अरुंद असते. दुसरा उपाय म्हणजे पोत निम्म्या मापाचे करणे किंवा दृश्याचे थर पाडून ते वेगवेगळे रेंडर करून नंतर जुळवणे. हे आम्ही केलेले आहे आणि ते होते. पण एका थरातल्या वस्तूची सावली दुसऱ्या थरावर पडत असली, काचेत तिसऱ्या थराचे प्रतिबिंब उमटत असले, की जुळवणीचे काम रेंडरपेक्षा अधिक वेळ खाते आणि तो वेळ यंत्राचा नसून माणसाचा असतो.

आता दोन कार्डांची बाजू. ती दुबळी नाही. ब्लेंडरच्या प्रेफरन्सेसमध्ये सिस्टिमच्या पानावर दोन्ही कार्डांच्या नावांसमोर खूण केली, की एकाच फ्रेमवर दोघेही काम करू लागतात. तरीही वेळ बरोबर निम्मा होत नाही, कारण प्रत्येक फ्रेमच्या आधी दृश्याची जी मांडामांड करावी लागते, तिचा बराच भाग मुख्य प्रोसेसरवर होतो आणि दुसऱ्या कार्डाने तो कमी होत नाही. मांडामांडीला २० सेकंद आणि रेंडरला १०० सेकंद लागणारी फ्रेम दोन कार्डांवर ६० सेकंदांत नव्हे, ७० सेकंदांत होईल. कामाचा जो भाग वाटून घेता येत नाही, तोच अखेर वेगाची मर्यादा ठरवतो, हे जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्येच मांडून ठेवले आहे.

वॉकथ्रूमध्ये मात्र यातून एक सुरेख वाट निघते. ३० सेकंदांचा वॉकथ्रू दर सेकंदाला २५ फ्रेमप्रमाणे ७५० फ्रेमचा होतो, आणि एका फ्रेमला दोन मिनिटे लागली तर एका कार्डावर त्याला २५ तास लागतात. अशा वेळी दोन कार्डांना एका फ्रेमवर जुंपण्याऐवजी ब्लेंडर दोनदा उघडावे, एका प्रतीला पहिले कार्ड आणि सम फ्रेम द्याव्यात, दुसऱ्या प्रतीला दुसरे कार्ड आणि विषम फ्रेम. मग मांडामांडही दोन्हीकडे स्वतंत्रपणे चालते आणि प्रोसेसर व मुख्य मेमरी पुरेशी असेल तर २५ तासांचे काम साडेबारा तासांच्या आसपास येते. रात्री आठला लावलेले काम सकाळी चहानंतर तयार असते, आणि ज्या बिल्डरला त्या दिवशी ग्राहकांना दाखवायचे असते त्याच्यासाठी याला फार मोल आहे. शिवाय दिवसा एका कार्डावर रेंडर लावून दुसऱ्यावर मॉडेलिंग चालू ठेवता येते. एकच कार्ड असले की रेंडर चालू असताना माउस हलवला तरी पडदा अडखळतो, आणि शेजारी बसलेला सहकारी हात बांधून बसतो. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या किंवा पुष्कळ छोटी, सुटी कामे रोज उरकणाऱ्या स्टुडिओने मला विचारले, तर मी दोन कार्डेच घ्या असे निःशंकपणे सांगेन.

भाच्याचा विषय वेगळा आहे आणि त्याच्यामुळे मला या प्रश्नाची दुसरी बाजू दिसली. त्याला भाषेची मॉडेले, म्हणजे प्रश्नाला लिहून उत्तर देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता, घरच्या यंत्रावर चालवायची आहेत, आणि होळकरकालीन मोडी कागदपत्रांतली ओळ वाचू शकेल असे एक लहान मॉडेल स्वतः शिकवायचे आहे. "मावशी, माझ्या कामात मेमरीची बेरीज होते," असे तो एके दिवशी म्हणाला, तेव्हा माझा प्रथम विश्वास बसला नाही. पण ते खरे आहे. भाषेचे मॉडेल एकावर एक रचलेल्या थरांचे असते. निम्मे थर एका कार्डावर आणि निम्मे दुसऱ्यावर ठेवता येतात, आणि थरांमधून पुढे सरकणारा डेटा इतका थोडा असतो की अरुंद वाटही त्याला पुरते. अशा रीतीने जे मॉडेल १२ जीबीत कधीच बसले नसते, ते दोन कार्डांत मिळून बसते.

येथे जमते ती जागेची बेरीज. वेगाची मात्र जमत नाही. पहिल्या कार्डाचे थर संपेपर्यंत दुसरे स्वस्थ बसते आणि दुसऱ्याचे चालू असताना पहिले. मॉडेलला उत्तराचा प्रत्येक तुकडा लिहिताना स्वतःचे सगळे आकडे मेमरीतून एकदा वाचून काढावे लागतात, म्हणून येथे मेमरीतून वाचण्याचा वेग सर्वांत मोलाचा. ३०९० चा हा वेग सेकंदाला ९३६ जीबी आहे, ३०६० चा ३६०. १८ जीबीचे मॉडेल धरले तर एका ३०९० वर ते सेकंदाला जास्तीत जास्त ५२ वेळा वाचून होईल. दोन ३०६० वर, एकामागून एक नऊ-नऊ जीबी वाचताना, २० वेळा. प्रत्यक्षात दोन्ही आकडे याहून कमी भरतात, पण प्रमाण असेच राहते. रेंडरमध्ये हात वाढतात आणि जागा वाढत नाही. भाषेच्या मॉडेलमध्ये जागा वाढते आणि हात वाढत नाहीत. तीच दोन कार्डे, त्याच दोन स्लॉटमध्ये, कामानुसार इतकी वेगळी वागतात, हे कळल्यापासून "दोन बरी की एक बरे" या प्रश्नाला सरसकट उत्तर देणाऱ्यांचे बोलणे मला पटेनासे झाले.

मोडीच्या मॉडेलचे प्रकरण आणखी निराळे. ते लहान आहे, १२ जीबीत ऐसपैस बसते. दोन्ही कार्डांवर त्याची एकेक पूर्ण प्रत ठेवून ओळींची चित्रे दोघांत वाटून द्यायची आणि प्रत्येक टप्प्यानंतर दोघांनी शिकलेल्या दुरुस्त्यांची सरासरी काढायची, अशी पद्धत तिथे चालते. त्याहून उपयोगाचे म्हणजे एका कार्डावर एक प्रयोग आणि दुसऱ्यावर दुसरा लावून दोहोंची तुलना करता येते. हे समजल्यावर माझा भाचा, जो आधी एकाच मोठ्या कार्डाचा आग्रह धरत होता, तो दोन कार्डांच्या बाजूला झुकू लागला.

दोन साध्या कार्डांच्या बाजूने याहून मोठा दाखला इतिहासात आहे, आणि तो मला फार आवडतो. २०१२ मध्ये टोरांटो विद्यापीठातल्या अॅलेक्स क्रिझेव्हस्की, इल्या सुत्स्केव्हर आणि जेफ्री हिंटन यांनी चित्रे ओळखणारे जे मॉडेल केले आणि ज्याच्यापासून आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेची सुरुवात मानली जाते, ते जीटीएक्स ५८० या खेळांसाठी विकल्या जाणाऱ्या दोन कार्डांवर शिकवलेले होते. प्रत्येक कार्डाची मेमरी अवघी ३ जीबी होती. सुमारे सहा कोटी आकड्यांचे त्यांचे जाळे आणि बारा लाख चित्रांचा अभ्यास एका कार्डाच्या मेमरीला झेपत नव्हता. म्हणून त्यांनी जाळेच मधोमध उभे चिरले, निम्मे एका कार्डावर ठेवले, निम्मे दुसऱ्यावर, आणि ठरावीक थरांतच दोघांनी एकमेकांशी बोलावे अशी व्यवस्था केली. पाच ते सहा दिवसांत शिकवणी पूर्ण झाली. एका कार्डावर मावेल अशा निम्म्या जाळ्याच्या तुलनेत त्यांच्या पहिल्या अंदाजातली चूक १.७ टक्क्यांनी उतरली. त्या मॉडेलच्या आकृतीत दोन समांतर पट्टे दिसतात. ती चीर विज्ञानाच्या गरजेतून आलेली नव्हती, दोन कार्डांच्या मर्यादेतून आली होती, आणि तरीही ती इतकी विचारपूर्वक घातली होती की तिने काम थांबवले नाही. काम कुठे कापावे हे ज्यांना कळते, त्यांना दोन लहान कार्डे पुरतात. ते कळायला मात्र त्या कामाच्या आतपर्यंत उतरावे लागते, आणि आमच्यासारख्या वापरणाऱ्यांच्या हाती ब्लेंडरच्या आतली शिवण नसते.

खेळांसाठी कार्ड घेणाऱ्यांचा प्रश्न कधीच निकालात निघाला आहे, म्हणून त्याविषयी थोडक्यात. १९९८ मध्ये व्हूडू २ ची दोन कार्डे जोडून एकाने पडद्याच्या सम ओळी आणि दुसऱ्याने विषम ओळी काढायची एसएलआय नावाची सोय आली. २००४ मध्ये एनव्हिडियाने एसएलआय हेच नाव नव्या अर्थाने परत आणले. पण एकाआड एक फ्रेम दोन कार्डांनी काढली की फ्रेममधले अंतर कमीजास्त होऊन चित्र थरथरल्यासारखे दिसे, आणि प्रत्येक खेळासाठी वेगळी तजवीज करावी लागे. १ जानेवारी २०२१ पासून एनव्हिडियाने जुन्या कार्डांसाठी अशी नवी तजवीज करणे थांबवले. खेळांसाठी एकच कार्ड घ्यावे.

कार्डांच्या बाहेरच्या गोष्टीही निर्णयात वाटा मागतात. आर.एन.टी. मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये दुकानदार मदरबोर्ड दाखवताना दोन लांब स्लॉट आवर्जून दाखवतात, परंतु बऱ्याच मध्यम किमतीच्या बोर्डांवर दुसरा स्लॉट दिसायला लांब असला तरी त्याच्या मागे डेटा वाहणारे चारच मार्ग जोडलेले असतात आणि तेही बोर्डावरच्या चिपसेट या मधल्या चिपमधून फिरून आलेले. रेंडरला याने फारसे बिघडत नाही, कारण दृश्य एकदा चढले की पुढे वाहतूक कमी असते. पण मोडीच्या मॉडेलची सरासरी प्रत्येक टप्प्यावर याच वाटेने जाते. विजेचा हिशेब जवळपास बरोबरीचा आहे: एका ३०९० ला ३५० वॅट आणि दोन ३०६० ना मिळून ३४०. मात्र ३०९० चा भार क्षणभरासाठी याच्या बराच वर उसळतो, म्हणून त्यासाठी ७५० वॅटचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) सांगितला जातो आणि तो नामांकितच असावा. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. दोन्हींपैकी कोणत्याही व्यवस्थेला तो कामाचा नाही.

उष्णतेचे मला अधिक महत्त्व वाटते. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि माडीवरची खोली संध्याकाळपर्यंत तापलेली राहते. दोन कार्डे एकाखाली एक बसली की खालच्याची गरम हवा वरच्याच्या पंख्यात जाते, वरचे कार्ड आधी तापते आणि स्वतःचा वेग उतरवते. कॅबिनेट मोठे असेल आणि दोन्हींमध्ये किमान एका स्लॉटची फट असेल तर हे टळते. मालव्यातल्या रात्री थंड असतात, ही आमच्या भागाची जुनी ख्याती या कामी खरोखर उपयोगी पडते: मोठी रेंडर आम्ही उन्हाळ्यात रात्रीच लावतो, खिडक्या उघड्या ठेवून.

राहिली ती मधली वाट, "आत्ता एक ३०६० घेऊ, पुढे पैसे आले की दुसरे टाकू" ही. ती ऐकायला शहाणपणाची वाटते, पण मी तिच्या विरोधात आहे. दुसऱ्या कार्डासाठी मोठा एसएमपीएस, दोन स्लॉटचा बोर्ड आणि मोठे कॅबिनेट आजच घ्यावे लागते, म्हणजे न आलेल्या कार्डाचा खर्च आधीच सुरू होतो. आणि दोन वर्षांनी पैसे हाती येतात तेव्हा त्या पैशांत नव्या पिढीचे एकच कार्ड अधिक चांगले मिळत असते.

मी एका ३०९० च्या बाजूने कौल दिला आहे. कारण असे की वॉकथ्रू उशिरा झाला तर एक रात्र जास्त लागते आणि ती रात्र आपल्याला देता येते. राजवाड्याचा सज्जा १२ जीबीत मावला नाही, तर कितीही रात्री दिल्या तरी तो मावत नाही. दोन्ही ३०६० मधले गणनेचे घटक मिळून ७१६८ होतात आणि एकट्या ३०९० मध्ये १०४९६ आहेत, त्यामुळे वेगातही आम्ही मागे पडत नाही. सहकाऱ्यांच्या शंकेला अर्थ आहे आणि तिला मी उत्तर शोधले आहे: चालू जुने कार्ड विकायचे नाही, दुसऱ्या स्लॉटमध्ये ठेवायचे. पडदा त्यावर चालेल, मॉडेलिंग त्यावर होईल, भाच्याचे लहान प्रयोगही त्यावर होतील, आणि नवे कार्ड कधी दुरुस्तीला गेलेच तर दिवाणखान्यांची चित्रे तरी अडणार नाहीत. रात्री काम नसेल त्या दिवशी ३०९० भाच्याचे.

धोका आहे तो वापरलेल्या कार्डाचा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची ग्राफिक्स कार्डांवरची खोदाई, म्हणजे गणिते सोडवून ते चलन मिळवण्याचे काम, संपली आणि त्या कामात महिनोन्महिने रात्रंदिवस राबलेली पुष्कळ कार्डे बाजारात आली. ३०९० वरच्या मेमरीच्या २४ चिपांपैकी १२ कार्डाच्या पाठीवर असतात, जिथे पंख्याचा वारा पोहोचत नाही, आणि अशा कार्डाची खरी अवस्था तिथेच कळते. म्हणून विकणाऱ्याशी आम्ही आधीच बोलून ठेवले आहे: कार्ड त्याच्या दुकानातच जोडायचे, राजवाड्याची फाइल पेन ड्राइव्हवर नेऊन सज्जाचे दृश्य तासभर सलग रेंडर करायचे, आणि भाचा तेवढा वेळ मेमरीचे तापमान पाहत बसेल. ते १०० अंशांच्या आत राहिले आणि चित्रात एकही चुकार ठिपका आला नाही, तर पैसे तिथेच देऊन कार्ड घरी आणायचे.